परमिट रूममधलं परमिट कोणाचं?



'परमिट रूम'ची पाटी आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. पण हे परमिट कोणाचं? बऱ्याच जणांना वाटतं बारवाल्याचं. नाही, पिणाऱ्याचं!

इथे अमेरिकेत लायसन्स लागतं ते विकणाऱ्याला. गिऱ्हाइकाने वय सिद्ध केलं की झालं. महाराष्ट्रात कायद्याने दोघांनाही परवाना लागतो. याचं मूळ १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात आहे. तेव्हा बाळासाहेब खेर मुख्यमंत्री होते आणि मोरारजी देसाई गृहमंत्री. १९५० मध्ये राज्यभर दारूबंदी आली. कायद्याची रचना अशी की आधी सरसकट बंदी, मग परमिटधारकांना सूट, उदा. तब्येतीच्या कारणासाठी. १९५१ च्या बलसारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने औषधं आणि प्रसाधनांतल्या अल्कोहोलवरची बंदी रद्द केली, पण बाकी कायदा बहुतांशी टिकला.

१ मे १९६० ला राज्य विभागलं आणि हाच कायदा दोघांच्या वाट्याला आला. गुजरातने बंदी चालू ठेवली. महाराष्ट्राने बंदी उठवली नाही, फक्त परमिट सैल केलं! म्हणूनच चंद्रपुरात २०१५ मध्ये दारूबंदी आली आणि २०२१ मध्ये उठली, तरी मूळ कायदा तोच राहिला.

गंमत सोडा, पण यात एक धोका आहे. परमिट फारसं कोणी काढत नाही. सगळेच नियम मोडतात तेव्हा कोणाला पकडायचं हे कायदा नाही, साहेबाची मर्जी ठरवते.

तुम्हाला काय वाटतं?