पितळी जोडातला इतिहास : जुन्या बुलेटच्या वायरिंगची गोष्ट

१/१२
ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या रस्त्यांवर एखादी जुनी बुलेट नव्या तेजाने अवतरली की चर्चा होते ती टाकीच्या रंगाची आणि क्रोमच्या झळाळीची. पण त्या गाडीच्या काळाचा एक बोलका पुरावा हेडलॅम्पमागच्या अंधारात, बोटाच्या पेराहून लहान अशा पितळी जोडांत असतो. हा थ्रेड त्या जोडांविषयी. #इतिहास #मराठी

२/१२
‘बुलेट’ हे नाव इंग्लंडमधील रेडिचच्या रॉयल एनफील्डने १९३२ मध्ये प्रथम वापरले. १९५० च्या दशकात भारतीय सैन्याने ३५० सीसीच्या बुलेट मागवल्या. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीतून एनफील्ड इंडिया उभी राहिली. पुढे इंग्लंडमधील उत्पादन थांबले. मद्रासचे चालूच राहिले.

३/१२
यंत्राबरोबर वायरिंगची ब्रिटिश पद्धतही भारतात आली. वायरीच्या टोकाला गोळीच्या आकाराची पितळी टोपी आणि ती घट्ट बसेल अशी रबरी आवरणाची नळी, असा हा ‘बुलेट कनेक्टर’. गाडीच्या नावाशी त्याचे साम्य हा निव्वळ योगायोग. कनेक्टरला नाव मिळाले ते आकारावरून. लुकासच्या प्रचलित जोडाचा व्यास ३/१६ इंच, म्हणजे सुमारे ४.८ मिलिमीटर.

४/१२
या जोडामुळे हेडलॅम्प किंवा डायनामो उतरवताना वायर कापावी लागत नसे. कोणती वायर कोठे जाते, हे रंग सांगत. लुकासच्या रंगसंकेतात पांढरी वायर इग्निशनची, निळी-पांढरी हेडलॅम्पच्या दूरच्या झोताची, निळी-लाल जवळच्या झोताची. ही रंगांची लिपी वाचता आली तर नकाशाशिवायही अर्धी गाडी उलगडते.

५/१२
या लिपीत एक सापळा आहे. १९५० च्या दशकातील अनेक ब्रिटिश मोटरसायकलींत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे आणि अर्थिंगची वायर लाल असे. आजच्या सवयीने लाल वायर ‘करंटची’ समजून बॅटरी उलटी जोडली, तर रेक्टिफायर जळू शकतो. इतिहासाचे अज्ञान येथे अक्षरशः धूर काढते.

६/१२
जोड इतका महत्त्वाचा का? उत्तर गणितात आहे. २४ वॅटचा दिवा ६ व्होल्टवर ४ अँपिअर प्रवाह घेतो, १२ व्होल्टवर केवळ २. गंजलेल्या जोडात अर्धा व्होल्ट गळाला, तर ६ व्होल्टच्या गाडीचा बारावा हिस्सा गेला. आणि दाब घटतो त्याहून कितीतरी वेगाने उजेड घटतो. जुन्या गाडीचा ‘मिणमिणता दिवा’ पुष्कळदा बल्बचा दोष नसतो.

७/१२
आता या भूगोलाकडे पाहावे. ठाण्याची खाडी, कल्याणची खाडी, उल्हास नदी आणि चार महिन्यांचा कोसळता पाऊस. रबरी नळीत शिरलेला ओलावा तेथेच कोंडतो आणि पितळेवर हिरवा थर चढतो. २६ जुलै २००५ च्या महापुरात तर या पट्ट्यात असंख्य वाहने पाण्याखाली गेली. अशा हवेत कनेक्टर हा गाडीचा सर्वांत दुबळा दुवा ठरतो.

८/१२
परवाना राजच्या काळात आयात सुटे भाग दुर्मीळ होते. मिस्त्री जोड कापत, वायरी पिळत आणि वर टेप गुंडाळत. कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी उभारलेल्या उल्हासनगरला १९४९ मध्ये ते नाव मिळाले. तेथील नकली मालाला लोक थट्टेने ‘मेड इन यूएसए’ म्हणत. या जुगाडाला हसू नये. त्यानेच गाड्या धावत्या ठेवल्या.

९/१२
म्हणूनच प्रश्न कठीण होतो : ‘मूळ’ म्हणजे काय? कारखान्यातून निघालेली गाडी, की पन्नास वर्षे जगलेली? आधुनिक प्लास्टिकचे सॉकेट बसवले तर दिवा उजळेल, पण १९५५ ची कारागिरी पुसली जाईल. सडलेला जोड तसाच ठेवला तर पुरावा टिकेल, पण गाडी वाटेत बंद पडेल, क्वचित शॉर्टसर्किटने पेटेलही.

१०/१२
मधली वाट आहे मूळ धाटणीचा नवा जोड. प्रथम बॅटरी सोडवावी. अर्थिंग धन की ऋण, हे तपासावे. प्रत्येक जोडाचे छायाचित्र घ्यावे. वायर स्वच्छ तांबे दिसेपर्यंत मागे कापावी, त्याच मापाची पितळी टोपी बसवून डाख द्यावा. फ्लक्स रोझिनचा असावा. आम्लाचा अंश मागे राहिला तर तो तांबे खातो. शेवटी पेट्रोलियम जेलीचा पातळ हात, ओलाव्याला अटकाव म्हणून.

११/१२
२०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांना ‘व्हिंटेज’ दर्जा आणि ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक दिला. एमएच-०४ आणि एमएच-०५ च्या प्रदेशातील जुन्या बुलेटही त्या कक्षेत येऊ शकतात. मोठे फेरफार म्हणजे काय हे सांगताना नियम सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांची नावे घेतो. वायरिंगचे घेत नाही. तेथे प्रामाणिकपणा मालकाच्या विवेकावर सोडलेला आहे.

१२/१२
त्या विवेकाची खूण साधी असते. नवा जोड नवाच म्हणून नोंदवावा. काढलेले हिरवे पितळ, टेपचे तुकडे आणि मिस्त्रीने पिळलेली वायर एका पाकिटात, तारखेसह, गाडीच्या कागदपत्रांत ठेवावी. रेडिचची रचना आणि कल्याणची दुरुस्ती, दोन्ही त्या बुलेटचाच इतिहास आहेत. (समाप्त)