काचेवरचा अदृश्य लेप

१/ ऑक्टोबर १९७३. इस्राएलला साहाय्य करणाऱ्या अमेरिकेचा तेलपुरवठा अरब राष्ट्रांनी रोखला. पिंपामागे सुमारे ३ डॉलर असलेला भाव काही महिन्यांत १२ डॉलरांच्या घरात गेला. थंड प्रदेशांत घर उबदार ठेवणे महागले.

२/ ही महागडी ऊब खिडक्यांवाटे निसटत होती. दोन काचांमध्ये हवा कोंडण्याचे पेटंट थॉमस स्टेटसन यांनी १८६५ मध्येच घेतले होते. कोंडलेली हवा उष्णता सहजी वाहून नेत नाही. पण प्रारणाने जाणारी उष्णता तिला अडवता येत नाही.

३/ एन्रिको फर्मींचे शिष्य आर्थर रोझेनफेल्ड या संकटानंतर कणभौतिकी सोडून ऊर्जाबचतीकडे वळले. त्यांच्या बर्कली प्रयोगशाळेत स्टीफन सेल्कोविट्झ यांच्या गटाने सरकारी निधीतून खिडक्यांचा अभ्यास आरंभला. उपाय होता धातूचा अतिसूक्ष्म लेप: प्रकाश आत येतो, खोलीतील उष्णता मात्र परतवली जाते.

४/ तेलबंदी मार्च १९७४ मध्येच उठली. लेपाचे तंत्र बाजारात यायला १९८१ उजाडले. संकट सरल्यावरही संशोधन थांबले नाही, म्हणूनच आज थंड देशांत जुनी खिडकी बदलणाऱ्याचे इंधन वाचते.