बाळापूर : किल्ल्याचे गाव, कागदाचे गाव

अकोल्याच्या जठारपेठेतून पश्चिमेस निघाले, की सुमारे २५ किलोमीटरवर मन व म्हैस या नद्यांच्या संगमावर बाळापूरचा किल्ला उभा आहे. आमच्या विद्यार्थ्यांना पानिपतच्या लढाईचे साल तोंडपाठ असते; परंतु आपल्याच जिल्ह्यातील या गावाविषयी विचारले, तर सारा वर्ग गप्प बसतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम भूगोल पाहू. येथील जमीन काळी, कपाशी व ज्वारीची. उत्तरेस पूर्णेचे खोरे आहे. तेथील खारपाणपट्ट्यात विहिरीला पाणी लागते, पण ते खारट. अशा मुलखात नदीकाठच्या गावाचे मोल किती, हे वऱ्हाडी माणसाला सांगावयास नको.

१५९६ साली वऱ्हाड मोगलांकडे आले आणि बाळापूर हे लष्करी ठाणे झाले. नदीकाठची सुंदर छत्री मिर्झाराजे जयसिंगांची. किल्ल्याचे काम औरंगजेबाचा पुत्र आझमशाह याने सुरू केले. ते १७५७ साली एलिचपूरचे नवाब इस्माईल खान यांनी पुरे केले. किल्ल्याच्या पायथ्याशी बाळादेवीचे मंदिर आहे. गावाचे नाव तिच्यावरूनच पडले, असे सांगतात. ऑगस्ट १७२० मध्ये गावाजवळ निजाम-उल-मुल्क व सय्यद बंधूंचा पुतण्या आलम अली खान यांची लढाई झाली. मराठा फौज आलम अलीच्या बाजूने लढली. ही लढाई सत्तेची होती, धर्माची नव्हे, हे मुलांनी ध्यानात ठेवावे.

परंतु गाव केवळ सरदारांचे नसते. बाळापुरात विणकर होते आणि हातकागद करणारे कागदी होते. जुना ताग व चिंध्या चुन्यात भिजवावयाच्या, कुटावयाच्या, लगदा चाळणीवर उचलावयाचा, वाळवून खळ द्यावयाची आणि दगडाने घोटून तकाकी आणावयाची, असे हे कष्टाचे काम. पुढे गिरणीचा स्वस्त कागद आला. १८६७ साली नागपूरपर्यंत आगगाडी पोहोचली; ती अकोल्यावरून गेली, बाळापूर मात्र बाजूला राहिले. व्यापार रुळांच्या मागे गेला आणि कागद्यांचा हुन्नर मागे पडला.

त्या कारागिरांच्या हाती कसब होते, कष्टाची तयारी होती. काळ बदलल्यावर नवे शिकण्याची सोय मात्र फार थोड्यांना लाभली. कागद त्यांनी केला. त्यावर लिहिले दुसऱ्यांनीच. आज आपल्या मुलामुलींच्या हाती कोरी वही आहे. पालकहो, शेतीच्या हंगामात वा दुकानाच्या गर्दीत ती वही मिटू देऊ नका. आणि विद्यार्थी मित्रांनो, येत्या सुट्टीत बाळापूरला अवश्य जा. किल्ला पाहा, छत्री पाहा, गावातील वृद्धांना जुन्या धंद्यांविषयी विचारा आणि ऐकाल ते त्याच वहीत लिहून ठेवा. आपल्या गावाचा इतिहास आपणच लिहिला पाहिजे.