गोड खाल्ल्याने दात का किडतात? 'किती' खाल्लं यापेक्षा 'किती वेळा' खाल्लं हे जास्त महत्त्वाचं का?

दिवाळीच्या दिवसांत फराळाचा डबा टेबलावरच असतो. येता-जाता एक शंकरपाळी, तासाभराने अर्धा लाडू, मग चहासोबत करंजी. "थोडंसंच तर खाल्लं" असं आपल्याला वाटतं. पण दातांचा हिशोब थोडा वेगळा असतो.

दातात खरंच 'कीड' असते का?

नाही. आपण 'दात किडला' म्हणतो, पण आत कुठलाही किडा नसतो. दातांवर जिवाणूंचा एक चिकट थर असतो. त्यातले स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्ससारखे जिवाणू साखर खातात आणि आम्ल तयार करतात. तोंडातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की हे आम्ल दाताच्या कडक आवरणातली, म्हणजे इनॅमलमधली, खनिजं विरघळवू लागतं.

गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच पीएच घसरतो. मग लाळ हे आम्ल सौम्य करते आणि कॅल्शियम, फॉस्फेट दातांना परत देते. याला साधारण अर्धा ते एक तास लागतो. म्हणजे जेवणासोबत दोन लाडू एकदम खाल्ले, तर हा हल्ला एकदाच होतो. तेच लाडू दिवसभरात सहा वेळा तुकडे करून खाल्ले, तर हल्ले सहा होतात आणि लाळेला दुरुस्तीसाठी वेळच मिळत नाही.

हे कसं कळलं?

१९४० च्या दशकात स्वीडनमधल्या विपेहोम या संस्थेत एक प्रयोग सुरू झाला. तिथल्या बौद्धिकदृष्ट्या अक्षम रुग्णांना वेगवेगळ्या प्रकारे गोड पदार्थ दिले गेले. काहींना दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी देण्यात आली. १९५४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जेवणासोबत घेतलेल्या साखरेपेक्षा मधल्या वेळेतल्या चिकट गोडाने दात कितीतरी जास्त किडले होते. पण या माणसांची संमती घेतलेली नव्हती आणि अनेकांचे दात कायमचे खराब झाले. म्हणूनच आज हा प्रयोग वैद्यकीय नीतिमत्तेच्या उल्लंघनाचं उदाहरण मानला जातो.

गुळाने दात किडत नाहीत का?

किडतात. गुळातही मुख्यतः सुक्रोज, म्हणजे साखरच असते. त्यात चिक्की किंवा तिळाची वडी दातांच्या फटीत अडकून बसते. मध आणि फळांचा रसही यातून सुटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशी साखर रोजच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी, शक्यतो ५ टक्क्यांच्या आत असावी. प्रौढांसाठी १० टक्के म्हणजे दिवसाला साधारण ५० ग्रॅम, जवळपास १२ चमचे.

'दुधाचे दात, पडणारच आहेत'

हा गैरसमज महागात पडतो. दुधाच्या दाढा १० ते १२ वर्षांपर्यंत टिकतात आणि कायमच्या दातांसाठी जागा राखून ठेवतात. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली कायमची दाढ येते. ती दुधाच्या दाढांच्या मागे, कुठलाही दात न पडता येते. त्यामुळे अनेक पालक तिला दुधाचीच समजतात. ती किडून काढावी लागली, तर तिच्या जागी दुसरी येत नाही.

मग करायचं काय?

• गोड खा, पण शक्यतो जेवणासोबत. नंतर पाणी प्या.
• झोपण्यापूर्वी ब्रश केल्यावर काहीही गोड खाऊ नका. झोपेत लाळ कमी होते, त्यामुळे बचावही कमी होतो. बाळाला गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका.
• दिवसातून दोनदा फ्लोराइडच्या टूथपेस्टने ब्रश करा. तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरते.
• फेस थुंकून टाका, पण लगेच खळखळून चुळा भरू नका. थोडं फ्लोराइड दातांवर राहू द्या.

दात दुखत नाही म्हणजे तो चांगला आहे, असंही नाही. कीड सुरू होते ती पांढुरक्या डागापासून आणि त्या टप्प्यावर ती थांबवता येते. खड्डा पडला की तो आपोआप भरत नाही. दुखायला लागतं तोवर कीड बरीच आत पोहोचलेली असते. त्यामुळे ठणका लागण्याची वाट न पाहता दंतवैद्यांकडून दात तपासून घ्या.