वडाची पारंबी आणि पोलादी तार

हावड्याला लागून असलेल्या शिबपूरच्या वनस्पतिउद्यानातल्या प्रसिद्ध वडाला आज मूळ खोड नाही. रॉबर्ट किड यांनी १७८७ साली या उद्यानाची स्थापना केली आणि तेव्हापासून हा वड तिथली शान होता. १८६४ आणि १८६७ सालच्या चक्रीवादळांत त्याच्या मोठ्या फांद्या मोडल्या. उघड्या पडलेल्या लाकडात बुरशी शिरली आणि ती हळूहळू गाभ्यापर्यंत पोचली. शेवटी १९२५ साली जवळजवळ सोळा मीटर घेराचे ते खोडच काढून टाकावे लागले. एरवी खोड गेले की झाड गेले. हा वड मात्र पुढे वाढतच राहिला. त्याच्याभोवती बांधलेला सुमारे ३३० मीटर लांबीचा रस्ता ओलांडून तो बाहेर पसरला. आज साडेचार एकरांहून अधिक जागा त्याने व्यापली आहे आणि साडेतीन हजारांहून जास्त पारंब्यांवर तो उभा आहे. २०२० सालच्या अम्फान वादळाने त्याचा एक भाग उन्मळून पडला, तरी उरलेला वड जागच्या जागी राहिला. दुबळ्या झालेल्या जुन्या झाडांना आधार देण्याच्या विद्येचा इतिहास सांगताना सुरुवात याच झाडापासून करायला हवी, असे मला वाटते. कारण युरोप-अमेरिकेतल्या वृक्षतज्ज्ञांना जे तत्त्व हाती लागायला दीडएकशे वर्षे चाचपडावे लागले, ते वडाच्या पारंबीत उघड्यावर लोंबत होते.

पारंबी म्हणजे वडाचा खांब, असे आपण सहज म्हणतो. पण खांब होण्याआधी ती तार असते. फांदीवरून लोंबणारी कोवळी पारंबी सुतळीएवढी बारीक असते आणि तिच्यावर कसलाही भार टेकवता येत नाही. तिचे टोक मातीत रुजले की तिच्या आत एक विशेष प्रकारचे, ताण देणारे काष्ठ तयार होते आणि ती आखडते. वडाच्याच कुळातल्या झाडांवर १९६० च्या दशकात झालेल्या अभ्यासात हे सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसले. सैल लोंबणारी पारंबी अशी ताठ होते आणि फांदीला जमिनीशी ओढून धरते. पुढे वर्षानुवर्षे जाड होत ती भार पेलणारा खांब बनते. ओढून धरणे आणि खालून पेलणे हे आधाराचे दोन्ही प्रकार एकाच अवयवात, एकामागून एक येतात. त्यात गरज असेल तिथे आणि गरज असेल तेवढेच लाकूड भरले जाते.

माळ्यांनी यात घातलेली भर दिसायला अगदी लहान आहे. लोंबती पारंबी वाऱ्याने सुकते, गुरे ती खातात, येणारेजाणारे तिचे टोक तोडतात. म्हणून पोकळ बांबू उभा चिरून त्यात माती भरायची, तो पारंबीच्या टोकापासून जमिनीपर्यंत बांधायचा आणि आतली माती ओली ठेवायची. सावलीत आणि ओलीत पारंबी सरळ खाली उतरते. ती रुजली की बांबूचे काम संपते आणि तो कुजून गेला तरी बिघडत नाही. या कृतीत माणसाने दिलेला आधार तात्पुरता असतो. कायमचा आधार झाड स्वतःच्या लाकडाने उभारते. माझ्या मते झाडाला दिलेल्या कोणत्याही आधाराची खरी कसोटी हीच आहे. तो आधार झाडाला स्वतःचे लाकूड घडवायला वेळ मिळवून देतो, की झाडाचे काम स्वतःकडे घेऊन त्याला आणखी दुबळे करतो?

आधार देण्याची प्रथा सगळीकडेच जुनी आहे. सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेद’ या ग्रंथात मोडलेल्या झाडाला पिंपरी आणि उंबराच्या सालीचा लेप लावून, भाताच्या पेंढ्याच्या दोरीने घट्ट बांधायला सांगितले आहे. तिथे मोडलेले झाड हे उपचार करायचा रोगी आहे, सरपणाचा ढीग नव्हे. श्रीलंकेत अनुराधपूरच्या महाबोधी वृक्षाच्या फांद्या सोनेरी टेकूंवर विसावलेल्या आहेत. जपानमध्ये कानाझावाच्या केनरोकुएन उद्यानात दरवर्षी १ नोव्हेंबरपासून पाइन वृक्षांच्या मधोमध उंच वासे उभारतात आणि त्यांच्या शेंड्यावरून छत्रीच्या काड्यांसारख्या दोऱ्या सोडून एकेक फांदी टांगतात. त्या भागातला बर्फ ओला आणि जड असतो, त्याच्या भाराने फांद्या मोडू नयेत म्हणून ही तजवीज. मार्चमध्ये दोऱ्या उतरवल्या जातात. आपल्याकडे जळगावच्या केळीबागांत घडाला आणि सोलापूरकडे डाळिंबाला बांबूचा टेकू देतात, त्यामागचा विचारही हाच. भार आहे तोवर आधार द्यायचा, भार सरला की काढून घ्यायचा. या सगळ्या रीती हंगामाच्या चालीने चालतात, आणि माणसाचा हात झाडावर पुन्हा पुन्हा फिरेल हे त्यांत गृहीत धरलेले असते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी ही दृष्टी बदलली. लोखंड आणि सिमेंट स्वस्त झाले होते, आणि जे साहित्य पूल बांधायला चालते ते झाडालाही चालेल असा विश्वास निर्माण झाला होता. इंग्लंडमध्ये शेरवूडच्या जंगलातला ‘मेजर ओक’ हा विशाल ओक वृक्ष १७९० साली मेजर हेमन रूक यांनी केलेल्या वर्णनामुळे नावारूपाला आला. १९०८ साली त्याच्या फांद्या साखळदंड आणि लोखंडी पट्ट्यांनी जखडण्यात आल्या. अमेरिकेत याच काळात वृक्षसंगोपन हा स्वतंत्र धंदा बनला, आणि त्याचे मोठे श्रेय जॉन डेव्ही यांना जाते. १८४६ साली इंग्लंडमध्ये जन्मलेले डेव्ही १८७३ मध्ये अमेरिकेत गेले, ओहायो राज्यातल्या केंट गावी स्थिरावले आणि १९०१ साली त्यांनी ‘द ट्री डॉक्टर’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. झाड आजारी पडते आणि त्याच्यावर उपचार करता येतात, ही गोष्ट त्यांनी सामान्य अमेरिकन माणसाच्या मनावर ठसवली, आणि हे काम मोठेच होते. पण त्या काळच्या उपचारांत ढोली भरण्याला फार महत्त्व आले. दाताची कीड खरवडून पोकळी भरावी, तसे कुजलेले लाकूड निरोगी लाकडापर्यंत खरवडायचे आणि आत सिमेंट ओतायचे. मेरीलँड राज्यात ॲनापोलिस येथे एक प्रचंड ट्यूलिप वृक्ष होता. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या आधी देशभक्त त्याच्याखाली जमत, अशी परंपरा आहे. १९०७ साली त्याच्या पोटात सुमारे ५५ टन काँक्रीट भरले गेले.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. काँक्रीट भरल्यावर ते झाड १९९९ पर्यंत, म्हणजे ९२ वर्षे, उभे होते. फ्लॉइड चक्रीवादळाने त्याला भेगा पाडल्या, तेव्हाच ते तोडावे लागले. मग तो उपचार चुकीचा कसा म्हणायचा? पण एखाद्या उपचारानंतर रोगी जगला म्हणजे तो उपचारामुळेच जगला, असे होत नाही. फ्रान्समध्ये नॉर्मंडीतल्या आलूव्हिल गावचा ओक आतून पूर्ण पोकळ आहे. सतराव्या शतकात त्या पोकळीत प्रार्थनागृह केले गेले, आणि बाहेरून टेकू दिलेले ते झाड आजही पालवते. पोकळ असणे आणि दुबळे असणे यांत फरक आहे. नळी आतून रिकामी असूनही मजबूत असते; तिचे बळ कडेच्या भिंतीत असते. वाऱ्यात झाड वाकते, काँक्रीट वाकत नाही. दोन्ही एकमेकांवर घासतात, मधल्या फटीत पाणी साठते आणि कुजण्याला आणखी वाव मिळतो.

खरी इजा तर काँक्रीट ओतण्याआधीच होत असे. अमेरिकेच्या वनविभागातले शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून आत कूज कशी पसरते ते पाहिले आणि १९७७ साली आपली मांडणी प्रसिद्ध केली. झाडाची जखम प्राण्याच्या जखमेसारखी भरून येत नाही, असे त्यांना दिसले. झाड कुजलेल्या भागाभोवती रासायनिक आणि काष्ठमय भिंती उभारते, तो भाग कोंडून टाकते आणि त्याच्या बाहेर नवे लाकूड घालत राहते. म्हणजे निरोगी लाकूड लागेपर्यंत खरवडणारा कारागीर झाडाने बांधलेली तटबंदीच फोडत होता. शायगोंच्या मांडणीतून आणखी एक गोष्ट उलगडते, आणि ऐकताना ती उलटी वाटते. फांदीभोवती साखळी गुंडाळणे हे तिला आरपार भोक पाडून पोलादी बोल्ट बसवण्यापेक्षा जास्त घातक असते. भोकाभोवती झाड भिंत घालते आणि जगते. साखळी मात्र फांदी जाड होईल तशी सालीत रुतते आणि पानांनी तयार केलेले अन्न खाली नेणारा थर आवळून टाकते. झाडाला दुखवू नये या भावनेने केलेली कृती झाडाचा गळा आवळत होती.

पण हे ज्ञान इतक्या उशिरा यायला नको होते, अशी मला राहून राहून खंत वाटते. थॉमस ॲन्ड्र्यू नाइट यांनी १८०३ साली सफरचंदाच्या रोपांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले होते. काही रोपांचे बुंधे त्यांनी बांधून ठेवले, काही मोकळे सोडले, तर काहींना एकाच दिशेने हलू दिले. मोकळ्या रोपांचे खोड जाड झाले. एकाच दिशेने हलणाऱ्यांचे खोड त्या दिशेने अधिक वाढून लांबट झाले. १९५४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जेकब्स यांनी पाइन वृक्षांना तारांचे ताण देऊन त्यांचे डोलणे बंद केले. तारेच्या खालच्या भागातली खोडाची वाढ मंदावली आणि ताण काढल्यावर ती झाडे वाऱ्यापुढे टिकली नाहीत. झाड हलते म्हणून ते मजबूत होते. त्याला पूर्ण जखडले की लाकूड घालण्याचा हुकूमच त्याला मिळत नाही.

आजची पद्धत या दोन शोधांवर उभी आहे. दोन जाड फांद्या अरुंद बेचक्यातून फुटलेल्या असल्या आणि त्यांच्यामध्ये साल दाबली गेली असली की तो जोड कच्चा असतो. अशा वेळी बेचक्यापासून शेंड्यापर्यंतच्या उंचीच्या साधारण दोन तृतीयांशावर तार बांधतात. तरफेच्या नियमाने, जोडापासून जितके दूर धराल तितकी कमी ताकद लागते. चिरत चाललेल्या बेचक्यात आरपार पोलादी गजही घालतात. १९९० च्या दशकात जर्मनीतून कृत्रिम धाग्यांचे लवचीक दोर आले. ते थोडे सैल बांधतात. रोजच्या वाऱ्यात फांदी मोकळेपणी डोलते, आणि वादळात ती मर्यादेबाहेर जाऊ लागली की दोर ताणून तिला धरतो. सैल लोंबणारी आणि मग ताठ होणारी पारंबी इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

कोणी म्हणेल, वडाला पारंब्या आहेत, ओकला किंवा आंब्याला कुठे आहेत? पारंबी नाही हे खरे. पण ताण येईल तिथे लाकूड घालण्याची शक्ती प्रत्येक झाडात आहे. शिवाय पुष्कळ जुनी झाडे वरचा विस्तार वाळू देतात आणि खाली नवा, आटोपशीर डोलारा धरतात. हा बदल व्हायला काही दशके लागतात. तार किंवा टेकू ही दशके मिळवून देतो, आणि एवढेच त्याचे काम आहे. दुसरा आक्षेप असा की तारा बांधूनही झाडे पडतातच. मेरीलँडचा वाय ओक १९३९ साली सरकारने विकत घेतला, त्याला तारांचा आधार दिला, आणि तरीही ६ जून २००२ रोजी तो वादळात कोसळला. तेव्हा त्याचे वय साडेचारशेच्या पुढे होते. आधाराने झाड अमर होत नाही, पण त्या साठ-बासष्ट वर्षांत त्याने सावली दिली, असंख्य बिया दिल्या, आणि त्याचा वंश कलमांतून पुढे नेण्याइतका अवधी मिळाला. सर्वांत गंभीर आक्षेप माणसांच्या सुरक्षिततेचा आहे आणि तो नाकारता येत नाही. शाळेच्या दारात झुकलेल्या, मुळे कुजलेल्या झाडाला तार बांधून समाधान मानणे हा गुन्हा ठरेल. तार फांदी धरते, मुळे धरत नाही. म्हणून आधी तपासणी, आणि नंतरही ठरावीक काळाने पुन्हा तपासणी, ही या कामाची अट आहे. ती पाळता येणार नसेल तर छाटणी करावी, भोवती कुंपण घालावे, आणि दुसरा उपाय नसेल तर झाड उतरवावे.

हा विषय महाराष्ट्रात दूरचा राहिलेला नाही. मिरज तालुक्यातल्या भोसे गावचा सुमारे चारशे वर्षांचा वड २०२० साली महामार्गाच्या आड आला. लोकांनी आवाज उठवला आणि रस्त्याची आखणी बदलून झाड वाचवले गेले. त्यानंतरच्या वर्षी राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षे आणि त्याहून जुन्या झाडांना वारसावृक्ष मानण्याची तरतूद झाली. आणि २०२२ सालच्या पावसाळ्याच्या तोंडाशी भोशाचा तो वड कोसळला. कुऱ्हाडीपासून झाड वाचवण्याची भाषा आता आपल्या कायद्यात आणि आंदोलनांत रुजली आहे. त्यापुढचे काम वेगळ्या हातांचे आहे: बेचके कुठे चिरले आहे ते दर उन्हाळ्यात वर चढून पाहणाऱ्यांचे, बुंध्याभोवतीचे काँक्रीट फोडून माती मोकळी करणाऱ्यांचे, दोर सैल करून पुन्हा बांधणाऱ्यांचे. तेलंगणात महबूबनगरच्या पिल्ललमर्री वडाची एक मोठी शाखा २०१७ च्या अखेरीस पडली. तेव्हा तिथे वाळवी मारायला सलाइनच्या बाटल्यांतून औषध सोडले गेले आणि जड फांद्यांखाली आधार उभे केले गेले. पारंब्यांना नळ्यांतून जमिनीकडे नेण्याचे कामही त्याच वेळी हाती घेतले गेले. आपल्या गावोगावच्या वडांच्या पारंब्या मात्र अजूनही रस्त्यावर लोंबू नयेत म्हणून दर पावसाळ्याआधी डोक्याच्या उंचीवर छाटल्या जातात.