झिबिब्बो: नावातच वाळलेले द्राक्ष

सिसिली आणि ट्युनिशिया यांच्या दरम्यान पान्तेल्लेरिया हे ज्वालामुखीतून वर आलेले बेट आहे. राज्य इटलीचे, पण आफ्रिकेचा किनारा सिसिलीपेक्षा जवळ. इथल्या पांढऱ्या द्राक्षाला झिबिब्बो म्हणतात. मध्ययुगात अरबांनी बेट जिंकले आणि त्यांची भाषा इथे रुजली. ‘झिबिब्बो’ हा शब्द अरबी ‘झबीब’वरून आला, अर्थ, वाळवलेले द्राक्ष. मराठीच्या हिशेबाने ही मनुका, बेदाणा नव्हे. बेदाणा म्हणजे फारसीत बिनबियांचा, आणि झिबिब्बोच्या मण्यात बी असते. जगात इतरत्र हेच द्राक्ष ‘मस्कट ऑफ अलेक्झांड्रिया’ म्हणून ओळखले जाते.

बेटावर पाऊस तुटपुंजा, वारा मात्र जवळजवळ बारमाही. मांडवावर चढवलेली वेल इथे टिकणार नाही. म्हणून शेतकरी जमीन सपाट करून वीतभर खोल आळे खणतो आणि वेल त्यातच लावतो. छाटणी करून बुंध्यावर साधारण सहा फांद्या ठेवतात. त्या चाकाच्या आऱ्यांसारख्या चहूबाजूंनी जमिनीलगत पसरतात. वारा वरून निघून जातो, पावसाचे थोडेसे पाणी मुळाशी थांबते. उतारावर चुना-मातीविना रचलेले काळ्या दगडांचे गडगे माती धरून ठेवतात. इथे यंत्र शिरत नाही. छाटणीपासून तोडणीपर्यंत सारे काम हाताने, कमरेत वाकून होते. या झुडुपी लागवडीला युनेस्कोने २०१४ साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. शेतीच्या एखाद्या पद्धतीला असा मान पहिल्यांदाच मिळाला, आणि तो कष्टाला मिळाला हे विशेष.

‘पासितो दि पान्तेल्लेरिया’ ही या द्राक्षाची गोड वाइन. इटालियनमध्ये ‘आप्पासीरे’ म्हणजे सुकणे, कोमेजणे, ‘पासितो’ त्यातलाच. १९७१ साली तिला नियंत्रित उगमाचा दर्जा, म्हणजे ‘डीओसी’, मिळाला. ऑगस्टमध्ये तोडलेले घड उन्हात पसरतात, अधूनमधून उलटतात. मणी सुरकुततात, तपकिरी होतात, साखर दाटते. नंतर पिकलेल्या ताज्या द्राक्षांचा रस आंबायला ठेवलेला असतो. देठ काढलेल्या मनुका त्यात थोड्या थोड्या टाकतात. त्यांची साखर आणि वास रसात उतरतो, आंबणे पुन्हा जोर धरते. शेवटी मद्यार्क वाढून यीस्ट थकते आणि उरलेली साखर तशीच राहते. वाइन अंबररंगी होते. तिला जर्दाळू आणि मधाचा वास येतो.