उकळतें पाणी आणि लहानसें झांकण

चंद्रपूर जिल्ह्यांतील घुग्घुस हें कोळशाचें गांव. वर्धा नदीच्या खोऱ्यांतील या मुलुखांत कोळशाच्या खाणी आहेत, सिमेंटचा कारखाना आहे, आणि उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या वर चढणें ही तेथें नवलाची गोष्ट नाहीं. वैशाखाच्या दुपारीं कोळसा भरून निघालेला एखादा टिपर रस्त्याच्या कडेला थांबतो, आणि चालक गाडीपासून दूर सावलींत जाऊन बसतो. त्याला घाई नसते असें नव्हे. इंजिनापुढील पाण्याच्या टाकीवर, म्हणजे रेडिएटरवर, एक लहानसें झांकण असतें. तें निवल्यावांचून त्याला हात लावावयाचा नाहीं, एवढें तो जाणतो. या झांकणाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे.

इंजिनांत इंधन जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यापैकीं थोडाच भाग चाकें फिरविण्याच्या कामीं येतो. कांहीं भाग धुराबरोबर निघून जातो, आणि कांहीं इंजिनाच्या धातूंत शिरतो. ही दुसरी उष्णता बाहेर काढली नाहीं, तर तेल पातळ होऊन जळतें आणि दट्टे आपल्या नळकांड्यांत अडकून बसतात. हें काम अगदीं आरंभापासून बहुधा पाण्याकडे सोंपविलेलें आहे.

कार्ल बेंझ यानें १८८६ सालीं ज्या तीन चाकी मोटारीचें पेटंट घेतलें, तिच्यांत रेडिएटर नव्हताच. पाणी उकळावें, त्याची वाफ हवेंत जावी, आणि तिच्याबरोबर उष्णताही जावी, अशी ती साधी योजना होती. १८८८ च्या ऑगस्टांत बेंझची पत्नी बेर्टा हिनें आपल्या दोन मुलांसह मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत सुमारें १०० किलोमीटरांचा प्रवास याच जातीच्या मोटारींतून केला. वाटेंत जेथें जेथें पाणी मिळे, तेथें तेथें तें इंजिनासाठीं भरून घ्यावें लागे. घोड्याप्रमाणेंच या नव्या वाहनालाही तहान होती.

ही तहान कमी करण्याचें श्रेय विल्हेल्म मायबाख या अभियंत्याकडे जातें. १९०० सालच्या अखेरीस तयार झालेल्या पहिल्या मर्सिडीस मोटारीला त्यानें मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसविला. त्यांत आठ हजारांहून अधिक बारीक चौकोनी नळ्या होत्या. नळ्यांतून वारा वाहे, त्यांच्या सभोंवार पाणी फिरे, आणि निवालेलें पाणी पुन्हां इंजिनाकडे जाई. पाणी उधळून टाकण्याऐवजीं तेंच तें पुन्हां वापरणें आतां शक्य झालें.

त्या काळीं रेडिएटरचें झांकण म्हणजे केवळ पाणी ओतण्याच्या तोंडावरील बूच होतें. वाफ जादा झाली कीं ती शेजारच्या नळीनें बाहेर पडे. परंतु मोटारीच्या अगदीं दर्शनीं भागावर बसल्यामुळें या बुचाला मोठा मान मिळाला. रोल्स-रॉइसच्या मोटारींवरील पंखांप्रमाणें वस्त्र पसरलेली मूर्ति चार्ल्स साइक्स या शिल्पकारानें १९११ सालीं घडविली, ती या झांकणासाठींच. त्याच दशकांत अमेरिकेंत हॅरिसन बॉइस यानें झांकणावरच थर्मामीटर बसविला. त्यांतील तांबडा द्रव चढूं लागला, कीं चालकाला तो बसल्या जागेवरून दिसे. हें यंत्र पाण्याचें नव्हे, तर पाण्यावरच्या वाफेचें तपमान दाखवी. त्यामुळें टाकींतील पाणी खालीं गेलें असतांही तें इशारा देत असे. पुढें तपमान दाखविणारा कांटा चालकासमोरच्या फळीवर आला, आणि झांकणाचें हें काम संपलें.

त्याचें खरें मोठेपण मात्र याच्यापुढचें आहे. उघड्या भांड्यांतील पाणी समुद्रसपाटीजवळ १०० अंशांवर उकळतें. महाबळेश्वरासारख्या उंच ठिकाणीं हवेचा दाब कमी, म्हणून तेथें तें चार-पांच अंश आधींच उकळतें. उलट दाब वाढविला, तर उकळण्याची वेळ लांबते. फ्रेंच शास्त्रज्ञ देनी पापँ यानें बंद तोंडाचें वाफेचें भांडें १६७९ सालीं लंडन येथें दाखविलें. आज घरोघरीं शिट्टी देणारा कुकर हा त्याचाच वंशज. हेंच तत्त्व मोटारीला लावून १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून दाबाचीं झांकणें प्रचारांत येऊं लागलीं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तीं सर्रास झालीं. झांकणावर ०.९ असा आंकडा असला, तर बाहेरच्या हवेच्या दाबावर जवळजवळ तितकाच दाब तें आंत धरून ठेवतें, आणि पाणी सुमारें ११८ अंशांपर्यंत उकळत नाहीं.

या अठरा अंशांचें मोल घुग्घुसच्या उन्हांत कळतें. रेडिएटर हवेला किती उष्णता देईल, हें दोहोंच्या तपमानांतील अंतरावर अवलंबून असतें. हवा २० अंश असेल, तर उकळीच्या काठावरील १०० अंशांच्या पाण्याला ८० अंशांचें अंतर लाभतें. हवा ४७ अंश झाली, तर तें ५३ वर येतें, म्हणजे तिसरा हिस्सा शक्ति गेली. दाबाचें झांकण नीट असेल, तर तेंच अंतर पुन्हां ७१ पर्यंत वाढूं शकतें. थंड देशांत जन्मलेल्या या युक्तीचें खरें सार्थक आपल्या उष्ण प्रदेशांत झालें, असेंच म्हणावें लागेल.

झांकणाच्या आंत दोन झडपा असतात. मोठी झडप स्प्रिंगच्या जोरावर बसलेली असते. ठरलेल्या मर्यादेपलीकडे दाब गेला कीं ती उघडते, आणि जादा पाणी शेजारच्या डब्यांत जातें. मधली लहान झडप याच्या उलट, इंजिन निवतांना तें पाणी परत आंत घेते. स्प्रिंग ढिली पडली किंवा रबराच्या कड्याला चीर गेली, तर दाब टिकत नाहीं आणि गाडी विनाकारण उकळूं लागते. लहान झडप चिकटली, तर निवलेल्या गाडीची रबरी नळी आंत खेंचली जाऊन चपटी होते. म्हणून सकाळीं इंजिन थंड असतांना झांकण काढून कडें, स्प्रिंग व बसण्याची जागा पाहावी, आणि साचलेली घाण पुसून टाकावी. चुनखडीच्या मुलुखांतील विहिरीचें पाणी जड असतें. त्याचे थर आंतल्या बारीक नळ्या बुजवितात. तेव्हां गाडीसाठीं सांगितलेला कूलंट शुद्ध पाण्यांत मिसळून घालणें बरें. बदलावयाचें झांकण त्याच आंकड्याचें असावें. मोठ्या आंकड्याचें बसविल्यास जुनी नळी किंवा रेडिएटरचा सांधा फुटण्याचा संभव असतो. आणि फडक्याचा बोळा कोंबून काम भागविणें म्हणजे तर संकटाला आमंत्रण होय.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट हात वांचविण्याची. तापलेल्या टाकींतील पाणी ११० अंशांवर असूनही शांत असतें, तें केवळ दाबामुळें. झांकण फिरवितांच दाब नाहींसा होतो, त्या पाण्याचा कांहीं भाग त्याच क्षणीं वाफ होतो, आणि वाफेला पाण्याच्या सुमारें सोळाशेंपट जागा लागते. ती उसळते ती थेट तोंडावर आणि हातांवर. जाड फडकें तिला आंवरूं शकत नाहीं. इंजिन बंद करून, वरची नळी हाताला सोसवेल इतकी निवेपर्यंत थांबणें, हाच एक खात्रीचा उपाय. आणि तापलेल्या इंजिनांत एकदम थंड पाणीही ओतूं नये, कारण त्यानें धातूला तडा जातो. अर्धा तास उशीरा पोंचलेला कोळसा कोणाचेंच कांहीं बिघडवीत नाहीं. भाजलेला हात आणि गेलेला डोळा मात्र घरच्या साऱ्यांनाच सोसावा लागतो.